पडदा टाका, मग सांगा कोणता अ‍ॅम्प्लिफायर सरस!

वार्ताहर, कर्जत (अहिल्यानगर)

कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकाला रायगड जिल्ह्यातील, लोकल जाते ते कर्जत आठवते. येथे विषय आहे तो अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतचा. भीमेकाठच्या सिद्धटेकचा अष्टविनायक, राशीनची जगदंबा आणि आषाढ वद्य एकादशीला निघणारा संत गोदड महाराजांचा रथ ही या तालुक्याची ओळख. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे शेतीला जोड हवी असलेल्या तरुणांनी गेल्या काही वर्षांत जे व्यवसाय धरले, त्यात मंडप आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय ठळकपणे दिसतो. लग्नसराई, हरिनाम सप्ताह, जयंत्या, गणेशोत्सव, नवरात्र असे वर्षाचे गणित असते. एक टेम्पो, चार-सहा मोठे बॉक्स, मिक्सर, जनरेटर आणि अ‍ॅम्प्लिफायरची चळत एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहतो आणि त्यासाठी बहुधा कर्ज काढलेले असते.

या भांडवलातला सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. बॉक्स डोळ्यांना दिसतो, त्यातला स्पीकर हाताने चाचपता येतो. अ‍ॅम्प्लिफायरचे मात्र सारे काम पत्र्याच्या पेटीत चालते. साहजिकच त्याच्याविषयी बोलले जाते ते विशेषणांत. अमक्याचा आवाज गोड, तमक्याचा कोरडा. परदेशी बनावटीचा ‘खुला’ वाजतो, बुधवार पेठेत जुळवलेला ‘दबतो’. आतला ४५५८ क्रमांकाचा आयसी काढून ५५३२ टाकला की गाणे ‘उजळते’. पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत हीच भाषा ऐकू येते. या विशेषणांच्या जोरावर दुप्पट-तिप्पट किंमत घेतली जाते आणि दिलीही जाते.

प्रश्न असा आहे की, हा फरक खरोखर कानांना ऐकू येतो की कंपनीचे नाव, पेटीचे वजन आणि किमतीचा आकडा पाहून ऐकू आल्यासारखा वाटतो? हे तपासण्याची रीत काही नवी नाही. ऐकणाऱ्याला कोणते यंत्र वाजते आहे हे कळू द्यायचे नाही आणि तरीही त्याला फरक ओळखता येतो का, ते पाहायचे. या अंध श्रवण चाचणीचा एक नेमका प्रकार अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मन्सन आणि गार्डनर या संशोधकांनी १९५० साली मांडला. आज तो ‘एबीएक्स’ या नावाने ओळखला जातो. ‘ए’ हे एक यंत्र, ‘बी’ हे दुसरे आणि ‘एक्स’ हे त्या दोहोंपैकी एक, पण कोणते ते गुप्त. श्रोत्याने तिन्ही हवे तितक्या वेळा ऐकावेत आणि ‘एक्स’ म्हणजे ‘ए’ की ‘बी’ एवढेच सांगावे. ‘गोड’ आणि ‘कोरडा’ या शब्दांना तेथे काही काम नाही.

या विषयाला सध्या एक तातडीचे निमित्तही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी ध्वनिक्षेपकांच्या त्रासाबाबत निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातील वाक्य गाजले. परंतु त्याच निकालात, धार्मिक स्थळांवरील ध्वनियंत्रणेत आवाजाची कमाल पातळी यंत्रातच बांधून टाकण्याची व्यवस्था करण्याचा विचार राज्य सरकारने करावा, असेही सांगितले होते. त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. अशी मर्यादा बांधणारे उपकरण, म्हणजे लिमिटर, मिरवणुकीतल्या यंत्रणेपर्यंत आले तर साऊंडवाल्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असेल: याने आवाज बिघडतो. तो आक्षेप खरा की खोटा, हे न्यायालयात वकिलांच्या युक्तिवादाने ठरणार नाही आणि पोलीस ठाण्यातही ठरणार नाही. ते ठरवण्याची जागा पडद्यामागे आहे.

महाराष्ट्रात नाव आणि आवाज यांचा गोंधळ किती जुना आहे, याचे एक मासलेवाईक उदाहरण देता येईल. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हे अमेरिकी अभियंते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतातच होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला प्रयोगशाळा काढली आणि नाव कमावले ते ध्वनिफितीवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेने! गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाच्या भिंतीला दिले. त्या भिंतीत त्याच्या प्रयोगशाळेचा एक स्क्रूही नसतो.

पडद्याचा न्याय

पडद्याआडून ऐकून निवाडा करण्याची कल्पना मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ध्वनिचाचणीची पद्धत सुरू झाली. परीक्षकांना कलावंत दिसू नये, त्याचे नाव कळू नये, घराणे आणि वशिला यांचा प्रभाव पडू नये, हा त्यामागचा हेतू. नामवंत कलावंतांना हा अपमान वाटला. मुंबईत तर त्यावरून मोठा गदारोळ झाला. नाव न सांगता गाणे ऐकवले की आपली पत कमी होते, ही ती भावना होती. अ‍ॅम्प्लिफायरच्या जाणकारांनाही पडद्याची चाचणी सांगितली की नेमका असाच राग येतो. केसकरांच्या इतर निर्णयांविषयी मतभेद असतील, हार्मोनियम आणि चित्रपटगीते यांवरून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण नावाची पाटी झाकून ऐकण्याचे तत्त्व आकाशवाणीने पुढेही सोडले नाही.

अ‍ॅम्प्लिफायरबाबत ही पद्धत वापरली गेली तेव्हा काय दिसले? अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात एका मोठ्या चाचणीचा अहवाल छापला. त्यात सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंतची यंत्रे होती. फरक ऐकू येतो असे मानणारे आणि न मानणारे, दोन्ही गटांतले श्रोते बसवले होते. एकूण उत्तरे नाणेफेकीच्या जवळपास आली. म्हणजे निम्मी बरोबर, निम्मी चूक. पुढे रिचर्ड क्लार्क या मोटारींच्या ध्वनियंत्रणेतील तज्ज्ञाने दहा हजार डॉलरचे बक्षीसच लावले. अनेक वर्षे ते कुणीही जिंकले नाही. मात्र क्लार्क यांच्या अटीही लक्षात घ्यायला हव्यात. दोन्ही यंत्रांची पातळी तंतोतंत सारखी हवी, कोणतेही यंत्र त्याच्या ताकदीबाहेर चालवायचे नाही आणि स्वराच्या समतोलात काही ठळक फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यायचा. फरकाची ओळखीची कारणे काढून टाकल्यावर फरक उरतो का, असा तो प्रश्न होता. ‘सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच’ असा त्याचा अर्थ लावणे म्हणजे अर्धेच वाक्य वाचणे होय.

या अटींतली पहिली अट सर्वांत महत्त्वाची, आणि दुकानात नेमकी तीच मोडली जाते. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर मेंदू त्या वाढीला ‘मोठा आवाज’ म्हणून नोंदवत नाही. ‘स्पष्ट’, ‘भरीव’, ‘जिवंत’ म्हणून नोंदवतो. एक डेसिबलपेक्षाही लहान फरकाने ही किमया होते. म्हणूनच काटेकोर चाचणीत दोन्ही यंत्रांची पातळी एक दशांश डेसिबलपर्यंत जुळवतात, म्हणजे स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज सुमारे एक टक्क्याच्या आत सारखे ठेवावे लागते. विक्रेत्याने महागड्या यंत्राची खुंटी केसभर पुढे ठेवली की गिऱ्हाईक स्वतःहून म्हणते, ‘हाच द्या’. यात विक्रेता लबाडच असेल असे नाही. त्यालाही तसेच ऐकू येत असते.

हा मुद्दा थोडा थांबून समजून घ्यायला हवा, कारण अंध चाचणीवरचा बहुतेक संताप येथूनच येतो. फरक ऐकू येतो असे सांगणारा माणूस खोटे बोलत नाही. त्याचा अनुभव पूर्ण खरा असतो. फक्त तो अनुभव एकट्या कानाने घडवलेला नसतो. देवगडचा शिक्का असलेल्या पेटीतला आंबा आपल्याला अधिक गोड लागतो, त्यातला प्रकार. कॅलिफोर्नियातील हर्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. कंपनीच्याच चाळीस जणांना त्यांनी चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. समोर दिसत असताना मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरना भरघोस गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त यंत्रणेला कमी. पडदा पडताच हे अंतर आक्रसले. हे सारे जण ध्वनीच्याच धंद्यातले होते, तरीही डोळ्यांनी कानांवर मात केली. त्याच वेळी, स्पीकरमधले फरक पडद्याआडही ओळखू येत राहिले, हेही त्या प्रयोगात दिसले. कर्जतच्या व्यावसायिकासाठी यातला व्यवहार सरळ आहे. अ‍ॅम्प्लिफायरवर उधळायचा पैसा स्पीकरवर आणि बॉक्सच्या बांधणीवर घातला, तर तो निदान कुणाला तरी ऐकू जाण्याची शक्यता आहे.

हजार वॉट आणि बाराशे वॉट

ताकदीच्या आकड्यांचे काय? दोन हजारच्या दशकात घराघरांत आलेल्या म्युझिक सिस्टीमवर ‘पीएमपीओ’ नावाचा एक आकडा चिकटवलेला असे. मुठीएवढ्या स्पीकरवर हजारो वॉट लिहिलेले असत. त्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य मानक नव्हते. तो स्टिकर बराचसा नाहीसा झाला असला तरी त्यामागची वृत्ती गेलेली नाही. हजार वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि बाराशे वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर यांच्या किमतीत चांगले अंतर असते. आवाजात ते ०.८ डेसिबल भरते. ताकद दुप्पट केली तर वाढ होते ३ डेसिबलची. कानाला ‘दुप्पट आवाज’ वाटायचा असेल तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ‘शेजारच्या मंडळाने दोन जोड जास्त आणले’ या ईर्षेपायी सुपारीमागे जो खर्च वाढतो, त्याचा हिशेब या तीन आकड्यांत आहे.

दुसरीकडे कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. ही मोजणी ‘ए’ भारांकाने होते. माणसाच्या कानाला मंद आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून हा भारांक खर्जाला कमी वजन देतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची किंमत तो तब्बल ३० डेसिबलने घटवतो. आजच्या मिरवणुकीचा कणाच खर्ज आहे. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते आणि मीटरवरचा आकडा मात्र त्या मानाने सौम्य दिसतो, याचे एक कारण हे आहे. तेव्हा मीटर सांगतो तेच अंतिम आणि कान सांगतो ते सारे भ्रम, अशी विभागणी कुणी करू नये. कोणत्या प्रश्नासाठी कोणते मोजमाप, हे आधी ठरवावे लागते.

हाच न्याय अंध चाचणीलाही लावला पाहिजे. शांत खोलीत, एक-दोन वॉटवर दोन यंत्रे सारखी वाजली म्हणून ती मिरवणुकीतही सारखी वाजतील असे नाही. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे हाकले की ध्वनिलहरीची शिखरे छाटली जातात. ते कुणालाही ऐकू येते, पडद्याआडही ऐकू येते. जनरेटरचा दाब पडला, वीजपुरवठा खाली आला की ही वेळ लवकर येते. व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरनुसार स्वरांचा समतोल खरोखर बदलतो. खराब अर्थिंगमुळे येणारी घुमघुम, मागची सूं-सूं हेही खरेच फरक आहेत. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने १९८५ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिले होते की, तुम्ही निवडाल त्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त यंत्रातून काढून दाखवतो. दोन दिवस त्याने दोन्ही यंत्रांच्या ध्वनीतला फरक मोजून तो शून्याकडे आणला आणि मासिकाच्या संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता येईनात. या किश्शाचा उपयोग नेहमी ‘महाग यंत्रे थोतांड’ हे सांगण्यासाठी होतो. वास्तविक तो दुसरेही काही सांगतो: सुरुवातीला त्या दोन यंत्रांत फरक होता, तो मोजता येत होता आणि म्हणूनच तो भरून काढता आला.

अंध चाचणी चुकते तेव्हा कशी चुकते, हेही ठाऊक हवे. स्वीडिश रेडिओने १९९०च्या सुमारास डिजिटल ध्वनी आकुंचित करण्याच्या एका तंत्राची चाचणी घेतली. सुमारे साठ श्रोते, वीस हजारांवर निवाडे. एवढे होऊन जे यंत्र पसंत झाले, त्याच्या ध्वनिमुद्रणात बार्ट लोकांथी या जुन्या अभियंत्याने ऐकता ऐकता १५०० हर्ट्झचा एक परका स्वर पकडला. तो सर्वांच्या कानांवरून गेला होता. कशाकडे लक्ष द्यायचे हे कळल्यावर तो इतरांनाही ऐकू आला. प्रशिक्षित कान आणि कशासाठी ऐकायचे याची पूर्वतयारी नसेल, तर चाचणी ‘फरक नाही’ असे सांगते तेव्हा तिला ‘फरक सापडला नाही’ एवढेच म्हणायचे असते.

आकडेशास्त्राचाही येथे संबंध येतो. समजा, तालुक्यातले वीस साऊंडवाले जमले आणि प्रत्येकाने दहा वेळा ओळखायचा प्रयत्न केला. सगळेच केवळ अंदाजाने उत्तरे देत असले, तरी त्यांच्यापैकी निदान एकाची दहातली आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आहे! त्या भाग्यवंताला ‘सोन्याचा कान’ म्हणून मिरवायला तेवढे पुरे. उलट बाजूही तितकीच खरी. एखाद्याला दहापैकी सरासरी सात वेळा फरक खरोखर कळत असेल आणि आपण दहापैकी नऊची अट घातली, तर शंभरातले ८५ वेळा तो नापास ठरेल. म्हणून प्रयत्न वाढवावे लागतात. सोळापैकी बारा बरोबर आली, तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. त्यावर काही विश्वास ठेवता येतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये सीडी आणि त्याहून सूक्ष्म ध्वनिमुद्रण यांतील फरकाविषयीचे अठरा प्रयोग एकत्र करून तपासले. साडेबारा हजार प्रयत्नांत बरोबर उत्तरे निघाली ५२.३ टक्के. नाणेफेकीपेक्षा किंचित अधिक. संशोधकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण, प्रशिक्षित श्रोत्यांच्या बाबतीत अधिकच. पण हप्ते फेडणाऱ्या माणसाने ५२.३ टक्क्यांसाठी किती रुपये मोजावेत, हा वेगळा प्रश्न आहे.

जे ऐकू येत नाही, त्याचे पैसे

आणखी एक बाजू आहे आणि ती प्रस्तुत प्रतिनिधीला सर्वांत महत्त्वाची वाटते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ज्यासाठी खरोखर जास्त पैसे द्यावेत, त्या गोष्टी ऐकूच येत नाहीत. आपल्याकडच्या जुळवलेल्या यंत्रांत ५२०० आणि १९४३ या क्रमांकांची ट्रान्झिस्टरची जोडी सर्रास वापरतात. या जोडीची नक्कल बाजारात विपुल आहे. नकली ट्रान्झिस्टर बसवलेले यंत्र दुकानात अस्सल यंत्राइतकेच छान वाजते. पडद्याआड बसवलेल्या पट्टीच्या श्रोत्यालाही बहुधा पत्ता लागणार नाही. ते उडते ते मिरवणूक ऐन चौकात आल्यावर, आणि अनेकदा जाताना स्पीकरची कॉइलही जाळून जाते. उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था, शॉर्टसर्किट झाल्यास स्पीकर वाचवणारा रिले, दाब वर-खाली होत असताना तग धरण्याची क्षमता, सुटा भाग मिळण्याची आणि दुरुस्तीची सोय ही किमतीतल्या फरकाची प्रामाणिक कारणे आहेत. परंतु जाहिरातीत ती मागे राहतात आणि पुढे येतो तो ‘मधुर’ आवाज. गिऱ्हाईक गोडव्याचे पैसे देते; टिकाऊपणा त्यात मिळाला तर मिळाला.

सरकारी शिक्का यात किती उपयोगी? २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा पहिल्याच यादीत समावेश झाला, त्यात दोन हजार वॉट आणि त्याहून अधिक वीज घेणारे अ‍ॅम्प्लिफायर होते. भारतीय मानक ब्युरोची ही नोंदणी सुरक्षिततेची आहे. आग लागू नये, विजेचा धक्का बसू नये, यासाठी ती आहे. आवाज कसा वाजतो याच्याशी तिचा संबंध नाही, आणि तसा तो असावा असेही नाही. लहान दुकानात जुळवलेले, दोन हजार वॉटच्या खालचे यंत्र तर या नोंदणीच्या बाहेरच राहते.

जाहिरातीतील दाव्यांचे मात्र तसे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जून २०२२ मध्ये त्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. ‘आवाज उत्तम’ ही स्तुती आहे, तिला पुरावा मागता येणार नाही. ‘आमच्या केबलमुळे खर्ज दुप्पट होतो’ हा दावा आहे, त्याला मागता येतो. आणि या क्षेत्रात ऐकू येणाऱ्या फरकाचा पुरावा द्यायचा, तर पडद्याच्या चाचणीहून सरळ मार्ग नाही. मुंबईत १९६६ पासून ग्राहक मार्गदर्शन संस्था आहे, सत्तरच्या दशकापासून ग्राहक पंचायतीची चळवळ आहे. खाद्यपदार्थांतील भेसळीपासून गृहनिर्माणापर्यंत या चळवळीने पुष्कळ काम केले. ध्वनियंत्रणा हा चैनीचा विषय समजून बाजूला राहिला असावा. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याच्यासाठी तो चैनीचा नाही.

अशी चाचणी घ्यायला प्रयोगशाळा लागते, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात ज्या वस्तू लागतात, त्यातल्या बहुतेक कर्जतच्या कोणत्याही मंडपवाल्याच्या गोदामात आहेत. पडद्यासाठी कनात आहे. दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक स्पीकर आणि मोबाइलमधले गाणे आहे. पातळी जुळवण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. स्वस्त मीटर उंच स्वरांना दगा देतात, म्हणून शंभर ते चारशे हर्ट्झच्या दरम्यानचा एकच स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही यंत्रांचे आकडे जुळेपर्यंत खुंटी फिरवावी. अदलाबदलीसाठी दोन्ही तारा एकदम तोडून दुसरीकडे जोडणारा स्विच हवा. दोन अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर येणाऱ्या तारा क्षणभरही एकमेकांना लागता कामा नयेत. ब्रिज केलेल्या यंत्रात तर काळी तार म्हणजे अर्थ नव्हे, हे विसरले की धूर निघतो. स्विच फिरवणाऱ्याने प्रत्येक वेळी नाणे उडवून यंत्र ठरवावे, कागदावर लिहावे आणि श्रोत्यांसमोर येऊ नये, कारण त्याचा चेहराही उत्तर सांगून जातो. ऐकणाऱ्यांनी आदल्या रात्री मिरवणुकीत उभे राहिलेले नसावे. तासन् तास मोठ्या आवाजात राहिलेला कान काही काळ बधिर असतो आणि या व्यवसायातल्या अनेकांच्या कानांची ती स्थिती तात्पुरती राहिलेली नाही.

लिमिटरचा वादही याच कनातीमागे नेता येईल. यंत्रणेत लिमिटर घालून आणि काढून, पातळी सारखी ठेवून, सोळा वेळा. मर्यादेच्या खाली वाजवताना बारा वेळा फरक ओळखता आला, तर साऊंडवाल्यांची तक्रार ऐकून घेतली पाहिजे आणि लिमिटरची रचना सुधारली पाहिजे. नाही ओळखता आला, तर तक्रार आवाज बिघडण्याची नसून तो कमी होण्याची आहे, हे स्पष्ट होईल. ती तक्रार करण्याचाही त्यांना हक्क आहे, पण तिचे उत्तर नियमांत आधीच लिहिलेले आहे.

वेळेचे म्हणाल, तर आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास लागला की लग्ने थांबतात. गोदड महाराजांची यात्रा उरकल्यापासून गणपतीच्या सुपाऱ्या सुरू होईपर्यंतच्या काही आठवड्यांत बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर ताडपत्रीखाली पडून असतात. नव्या खरेदीचे बेतही याच दिवसांत ठरतात, आणि कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी तालुक्यात फिरतात तेही याच सुमारास.